शिंदे गावाच्या अलीकडे

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळील शिंदे गावातील एका कारखान्यावर छापा घालून शेकडो कोटी रुपयांचे मेफेड्रोन हस्तगत केले. पुण्याच्या ससून रुग्णालयातून पलायन केलेल्या ललित पाटील या आरोपीशी त्या प्रकरणाचे धागे जुळले. मंत्रभूमी आणि यंत्रभूमी अशी दुहेरी ओळख मिरवणारे शहर हादरले. पालक धास्तावले, आणि ते योग्यच होते. मात्र त्या धास्तीत एक सोयही दडली होती. शत्रू गावाबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये सापडला होता. घराची झडती घेण्याचे कारणच उरले नाही.

नववीतला मुलगा प्रथम मेफेड्रोनपर्यंत पोहोचतो काय? दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हुंगून नशा करण्याचे प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, तर प्रौढांमध्ये ०.५८ टक्के आढळले. मुलांनी मोठ्यांना मागे टाकले, असा हा एकच प्रकार. व्हाइटनर आणि पंक्चरचे सोल्युशन यांना ना तस्कर लागतो, ना कारखाना. खाऊचे पैसे पुरतात.

त्याच्याही आधी येते ती तंबाखूची पुडी. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. अल्पवयीनास तंबाखू वा अमली पदार्थ देणाऱ्यास बालन्याय कायद्यात ७ वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. एवढे कायदे असताना, वडिलांनीच पुडी आणायला धाडलेल्या मुलास टपरीची वाट चुकवावी असे सांगायचे कोणी? सातपूर-अंबडच्या पाळ्यांमुळे दुपारभर रिकामे असलेले घर, दहावीचा धसका, मित्रांत भित्रा ठरण्याची लाज, ही कारणे खरीच. परंतु ती फोफावतात घरातल्या या मूक संमतीवर.

मुलगा सापडला की घर अब्रूपोटी गप्प बसते आणि शाळा दाखला हातात देऊन मोकळी होते. यासारखी दुसरी घोडचूक नाही. शाळा सुटली की त्याच्यापाशी तीच संगत तेवढी उरते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी उभारलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये व्यसन हा आजार मानून उपचार होतात, कुटुंबालाही त्यात सामील करून घेतले जाते. नाशिकच्या शाळांनी दाखला काढण्यापूर्वी समुपदेशक गाठावा, आणि पालकसभेत वडिलांना बोलावून पहिला प्रश्न त्यांच्या खिशातल्या पुडीविषयी विचारावा.