आत थांबायचे की बाहेर पडायचे?

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू तालुक्यातील धुंदलवाडी आणि लगतच्या तलासरी तालुक्यातील पाडे भूकंपाच्या धक्क्यांनी हादरू लागले. धक्के फार मोठे नव्हते, पण ते थांबेनात. ऐन थंडीत माणसे मुलाबाळांसह उघड्यावर झोपली, मग तंबूत झोपली. फेब्रुवारी २०१९ मध्ये घराबाहेर धावताना पडून एका चिमुकलीचा जीव गेला. तेव्हापासून या भागात एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. इथून तीस-चाळीस किलोमीटरवर तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. जमीन अशी हलत राहिली तर त्या भट्ट्यांचे काय?

या प्रश्नाला ‘काळजीचे कारण नाही’ एवढेच उत्तर देऊन भागणार नाही. ज्याला भट्टी कशी चालते हेच कोणी सांगितलेले नाही, त्याला दिलासा तरी कशाच्या आधारावर पटावा? तारापूरचे पहिले दोन संच १९६९ पासून वीज देऊ लागले. देशातले ते पहिले अणुवीज केंद्र. ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच २००५-०६ मध्ये सुरू झाले. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांचा हा शेजार आहे. एवढ्या काळात अणुऊर्जेचे चार प्राथमिक धडे डहाणूच्या प्रत्येक पाड्यावर पोहोचायला हवे होते.

धडे अवघड नाहीत. युरेनियमच्या विशिष्ट प्रकारच्या अणूवर न्यूट्रॉन आदळला की तो दुभंगतो, उष्णता निघते आणि आणखी न्यूट्रॉन बाहेर पडून पुढचे अणू फोडतात. त्या उष्णतेने पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर टर्बाइन फिरवायचे. सहज दुभंगणारा हा युरेनियम-२३५ नैसर्गिक युरेनियममध्ये जेमतेम ०.७ टक्के असतो. तारापूरचा तिसरा आणि चौथा संच अशाच नैसर्गिक युरेनियमवर चालतात, पहिल्या दोन संचांच्या इंधनात त्याचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आत असते. बॉम्बसाठी ते नव्वद टक्क्यांच्या आसपास न्यावे लागते. म्हणून भूकंप कितीही मोठा झाला तरी भट्टीचा अणुबॉम्ब होत नाही. ही गोष्ट निःसंदिग्धपणे सांगायला हवी, कारण निम्मी भीती तिथेच आहे.

धुंदलवाडीच्या धक्क्यांचा आकारही सांगायला हवा. त्यांतले मोठे धक्के चार रिश्टरच्या आसपासचे होते. १९९३ चा किल्लारीचा भूकंप ६.२ रिश्टरचा होता. हा फरक दोन अंकांचा दिसतो, पण मोकळ्या झालेल्या ऊर्जेच्या हिशेबात किल्लारीचा धक्का सुमारे दोन हजार पटींनी मोठा ठरतो.

मात्र इथेच थांबून सगळे ठीक आहे म्हणणे प्रामाणिक होणार नाही. जोराचा धक्का बसला तर नियंत्रक दांडे भट्टीत शिरतात आणि साखळी अभिक्रिया काही सेकंदांत बंद पडते. पण उष्णता बंद पडत नाही. चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतात, तसे दुभंगलेल्या अणूंचे किरणोत्सारी तुकडे तापतच राहतात. बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, काही तासांनी ती एक टक्क्यावर येते. ५४० मेगावॅट विजेचा संच सुमारे १,७०० मेगावॅट उष्णता निर्माण करतो. त्याचा एक टक्का म्हणजे १७ मेगावॅट, आणि तो सतत वाहून न्यावा लागतो. जपानच्या फुकुशिमात ११ मार्च २०११ रोजी हेच घडले. भूकंप होताच चालू असलेल्या भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. पुढे त्सुनामीच्या पाण्याने डिझेल जनित्रे बुडवली, थंड करणारे पाणी फिरेनासे झाले, इंधन वितळले आणि इंधनाच्या तापलेल्या आवरणाची वाफेशी अभिक्रिया होऊन सुटलेल्या हायड्रोजनने इमारतींची छपरे उडवली. तेव्हा तारापूरच्या शेजाऱ्याने विचारायचा नेमका प्रश्न ‘भट्टी फुटेल का’ हा नाही. बाहेरची वीज गेली, समुद्र चढला, रस्ते तुटले, तर भट्टीत पाणी कोण आणि कशाच्या बळावर फिरवणार, हा तो प्रश्न आहे. फुकुशिमानंतर देशातल्या सर्व अणुवीज केंद्रांची या दृष्टीने फेरतपासणी झाली. तिच्यातून तारापूरमध्ये काय बदलले ते शेजारच्या चिंचणीच्या ग्रामसभेत मराठीत सांगता येणार नाही, इतके गुंतागुंतीचे खचितच नाही.

किरणोत्साराबद्दलही तेच. तो काही तारापूरला जन्मला नाही. जमिनीत, हवेत, आपल्या हाडामांसात तो आहे. घोलवडचा शंभर ग्रॅमचा चिकू घेतला तर त्यातल्या पोटॅशियमचे सुमारे सहा अणू दर सेकंदाला किरण टाकून बदलत असतात, आणि तो चिकू खाऊन कोणाचे काही बिघडत नाही. निसर्गाकडून माणसाला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. त्याखेरीज अणुकेंद्रांसारख्या स्रोतांतून सामान्य नागरिकाला वर्षाला एक मिलिसिव्हर्टहून अधिक मिळू नये, अशी मर्यादा आहे. प्रश्न नेहमी मात्रेचा असतो. दुसरी गोष्ट, अंगावर किरण पडणे वेगळे आणि किरणोत्सारी धूळ अंगावर बसणे, श्वासातून किंवा दुधा-भाजीतून पोटात जाणे वेगळे. अपघातात धोका मुख्यतः या धुळीचा आणि वायूचा असतो. त्यातले आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते, सीझियम-१३७ निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात. म्हणूनच अणु-आणीबाणीतली पहिली सूचना असते: घरात जा, दारे-खिडक्या लावा, उघड्यावरचे अन्नपाणी घेऊ नका.

आणि भूकंपातली शिकवण? धक्का थांबताच घराबाहेर पडा, मोकळ्यावर या. २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या लोकांच्या अंगवळणी पडली आहे ती हीच. तारापूरला खरोखर हादरवील असा भूकंप त्याच धक्क्यात आसपासच्या घरांच्या भिंतीही तडकवील. केंद्राभोवतीच्या सोळा किलोमीटरच्या आणीबाणी क्षेत्रात डहाणू तालुक्यातील चिंचणी, वरोर ही गावे येतात. तिथल्या बाईने त्या रात्री लेकरांना घेऊन आत थांबायचे की बाहेर पडायचे? कारवीच्या कुडाचे घर भूकंपात माणसाला चिरडत नाही ही जमेची बाजू, पण त्याच्या फटी धूळ अडवीत नाहीत. विटांचे घरकुल धूळ अडवील, पण तडा गेलेल्या छताखाली कोण थांबेल? दोन्ही संकटांसाठी वेगवेगळे सराव घेऊन या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. दोन्ही एकत्र कोसळली असे गृहीत धरूनच सराव घ्यावा लागेल. कोणत्या गावाची कोणती पक्की, भूकंपरोधक इमारत निवाऱ्याची, याद्या कोणाकडे, आयोडीनच्या गोळ्या कुठे ठेवलेल्या आणि त्या कोणाच्या सांगण्यावरून घ्यायच्या, हे आधी ठरलेले असले पाहिजे.

या तालुक्यातल्या लोकांना तांत्रिक गोष्टी काय कळणार, असे कोणी म्हणू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणूसाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी ते वर्षानुवर्षे सांभाळले. डहाणूच्या औष्णिक केंद्राच्या धुरातील गंधक शोषणारे संयंत्र बसवण्याचा आग्रह नागरिकांनी आणि या प्राधिकरणाने धरला आणि २००७ मध्ये ते बसलेही. बागायतदार, मच्छीमार, आदिवासी कार्यकर्ते त्या काळात धुराचे आकडे वाचायला शिकले होते. मिलिसिव्हर्ट त्याहून कठीण नाही.

तारापूरच्या परिसरातील पाणी, मासे, दूध, माती यांचे नमुने घेऊन किरणोत्सार मोजणारी भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रयोगशाळा तिथे आहे आणि ती नियमित काम करते. तिचे आकडे इंग्रजी अहवालांत राहू नयेत. ते नैसर्गिक मात्रेशी आणि मर्यादेशी ताडून, मराठीत, दर तीन महिन्यांनी चिंचणी-वरोरपासून धुंदलवाडीपर्यंतच्या ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावेत. आश्रमशाळांतल्या विज्ञानाच्या तासाला ते वारलीत, किनाऱ्यावरच्या शाळांत मांगेलीत समजावून द्यावेत. आणि जिल्हा प्रशासनाने पुढचा सराव भूकंप व अणु-आणीबाणी असा एकत्रच घ्यावा, तोही रात्रीच्या वेळी, कारण धक्के दिवस पाहून येत नाहीत.