कुठं चाललीस? सहज!

हिंगोलीत संध्याकाळी सहा-साडेसहाला गांधी चौकातून एक चक्कर मारा. चहाच्या टपरीवर, पानठेल्यापाशी, गाड्यांना टेकून पोरंच पोरं दिसतील. 'कामून बसलात रे?' असं त्यांना कुणी विचारत नाही. पोरगी घराबाहेर पडायची म्हटली, की मात्र कारण लागतं. झेरॉक्स काढायचीय, भाजी आणायचीय, देवीला जायचंय. 'सहज चाललेय' हे कारण मुलींना चालत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ते चालायला हवं. शिकणाऱ्या मुलींना तर हवंच हवं.

मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कॉलेज म्हणजे मजा! पण असाइनमेंट, सेमिनार, प्रोजेक्ट उरकेपर्यंत परीक्षेचं टाइमटेबल लागलेलं असतं. शिवाय डोक्यावर सेट-नेटची टांगती तलवार. १८ जून २०२४ला नेटची परीक्षा झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. नऊ लाखांहून जास्त जणांनी पेपर दिला होता. ऑगस्टमध्ये फेरपरीक्षा सुरू होईपर्यंत पुन्हा तीच पुस्तकं! त्यात घरी एक प्रश्न ठरलेला, 'एवढं शिकून पुढं काय?' आणि पाहुण्यांचा दुसरा, 'पोरीचं कधी उरकताय?'

या सगळ्यात मी आणि माझी मैत्रीण आठवड्यातून दोन संध्याकाळी बाहेर पडतो. ती सेनगावकडच्या खेड्यातली, इथं खोली करून राहते. पाणीपुरी खायची, दुकानाबाहेर टांगलेले ड्रेस बघायचे, घ्यायचं काहीच नाही, बडबड करत परत यायचं. वीस-तीस रुपयांत काम होतं. मागच्या सेमिस्टरला अशाच एका संध्याकाळी ती एकदम म्हणाली, "आगं, मला वाटतं यंदा परीक्षाच देऊ नये." घरी बोलली नव्हती, मॅडमनाही नाही. खोलीत तिघीजणी, त्यामुळे फोनवर हे सांगायची सोय नव्हती. आम्ही त्या दिवशी तोच रस्ता तीनदा चाललो. मी उपदेश केला नाही, नुसतं ऐकलं. शेवटी ठरलं, अवघड वाटणारे दोन पेपर मिळून वाचायचे. तिनं परीक्षा दिली.

म्हणून या फिरण्याला कुणी 'टाइमपास' म्हटलं की मला राग येतो. आपल्या आज्यांना कुठं वेळ होता? पण त्यांच्याकडे पाणवठा होता, नदीवर धुणं होतं, पहाटेचं जातं होतं. सासुरवासाचं, माहेरच्या आठवणीचं, सगळं मनातलं तिथं मोकळं व्हायचं. पुढं नळ घरात आला, गिरणी आली, बाईचे कष्ट वाचले. चांगलंच झालं. पण मन मोकळं करायची जागाही त्याबरोबर गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी कुणी दिली नाही.

शास्त्रज्ञही वेगळं काय सांगतात? संकट आलं की माणूस लढतो नाहीतर पळतो, असं पूर्वी शिकवायचे. २००० साली शेली टेलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हा अभ्यास बहुतेक पुरुषांवरच झालेला होता. ताण आला की बायका बऱ्याचदा दुसऱ्यांना जपतात, सोबत शोधतात, असं त्यांनी मांडलं. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं!

आता कुणी म्हणेल, जमाना वाईट आहे, अंधार पडतो. भीती खोटी नाही. रस्त्यावरचे दिवे बंद असतात, टोमणे ऐकू येतात. पण आपल्या गावचा दसरा आठवा. दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा, रामलीला मैदानावरचं प्रदर्शन. त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत आया, मुली, म्हाताऱ्या फिरत असतात. अंधार तोच, गावही तेच. फरक एवढाच, की तेव्हा बाया खूप असतात आणि उजेड असतो. म्हणजे पोरींना कोंडून रस्ता सुरक्षित होत नाही, पोरी बाहेर दिसल्यानं होतो. दिव्यांचं नगर परिषदेकडे मागू, पण पाऊल आपणच टाकायला हवं.

तेव्हा आयांनो, परत यायची वेळ जरूर ठरवा, कुणाबरोबर चाललीस तेही विचारा. पण 'कशाला?' तेवढं विचारू नका. आणि एक सांगू? केंद्र सरकारच्या २०२४च्या पाहणीत असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. त्या जवळजवळ पाच तासांतून आठवड्याला एक संध्याकाळ तुम्हीही काढा. तुमचीही कुणी शाळेतली मैत्रीण याच गावात नांदत असेल. किती वर्षांत निवांत भेटला नाहीत? भाजी घरातलं कुणीही चिरेल. चपला घाला आणि निघा. कुणी विचारलंच, तर सांगा, सहज!