फोडणी डाळीला, नंतर टोमॅटो

वाचकहो, दिवाळी अंकातल्या या पानावर फराळ, पाहुणे आणि वाढती महागाई यांच्यापलीकडे माझी लेखणी सहसा जात नाही. यंदा मात्र आमच्या स्वयंपाकघरात चकलीच्या सोऱ्याशेजारी एक स्विच येऊन बसला आहे. स्विच म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. चोवीस भोकांची ती एक पत्र्याची पेटी आहे. लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेली. चालू केली की पिठाच्या गिरणीसारखी घुमते आणि सौभाग्यवती म्हणतात, "मिक्सर लावला की काय कुणी?"

पेटीचे मालक आमचे भाचे. मुलगा बी.कॉम. झाला, नोकरीसाठी सांगलीहून आमच्याकडे आला आणि एका कंपनीत रात्रपाळीला लागला. पासवर्ड विसरलेल्या लोकांना तो फोनवरून आठवून देतो, निदान मला तरी त्याचे काम एवढेच समजले आहे. कंत्राट डिसेंबरअखेर संपते. साहेबांनी सांगितले, नेटवर्कचे सर्टिफिकेट आणलेस तर कायमच्या जागेसाठी नाव पुढे करतो. तेव्हापासून आमच्या घरात सी.सी.एन.ए. ही अक्षरे आरतीसारखी ऐकू येतात.

ही परीक्षा सिस्को कंपनीची. १९९८ साली ती सुरू झाली आणि २०२० च्या फेब्रुवारीत तिच्या अनेक शाखांची मिळून एकच परीक्षा झाली. वेळ १२० मिनिटे. फी ३०० डॉलर, म्हणजे वरचा कर धरून पंचवीस हजारांच्या पुढे! आमच्या काळी मॅट्रिकचा फॉर्म भरताना वडिलांनी कपाळाला हात लावला होता, त्यांना हा आकडा सांगायची सोय नाही हे बरेच आहे. शिवाय सर्टिफिकेट तीनच वर्षे टिकते. पास व्हायला किती गुण लागतात, हे कंपनी सांगत नाही. आणि एकदा पुढच्या प्रश्नाकडे गेलात की मागे फिरता येत नाही. सोपे आधी सोडवा, अवघड मागाहून, ही आपल्या मास्तरांची शिकवण तिथे कुचकामी.

याच नियमाने जूनमध्ये आमच्या भाच्याचा घात केला. सुरुवातीच्याच एका प्रश्नावर तो अडून बसला आणि शेवटचे प्रश्न त्याने डोळे मिटून ठोकले. नापास. पहिली फी ताईने भिशीच्या पैशांतून दिली होती. ती शिलाईकाम करते. त्या पैशांत किती ब्लाउज बसतात, याचा हिशोब मुलाला माझ्यापेक्षा चांगला येतो. नापास झालेल्याला पाच दिवस थांबून पुन्हा बसता येते, फी मात्र पुन्हा पुरती भरायची. ताईला निकाल सांगायला त्याला त्याहून जास्त दिवस लागले.

मग जुलैपासून नव्याने अभ्यास सुरू झाला आणि त्यात आम्हीही ओढले गेलो. संगणकांचे पत्ते, त्यांचे गट, ते दोनाच्या पटीत मोडणे, हे सगळे तोंडी यावे लागते. १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १, बेरीज २५५. हा पाढा फ्रिजवर चिकटवलेला आहे. पावकी-निमकी घोकलेल्या माणसाला हे जमायला हरकत नव्हती आणि चार दिवसांत मला जमलेही. चौसष्ट पत्त्यांची एक वाडी धरा. त्यातली बासष्टच बिऱ्हाडांना मिळतात. पहिला पत्ता खुद्द वाडीच्या नावाचा आणि शेवटचा दवंडीचा. त्यावर धाडलेला निरोप वाडीतल्या सगळ्यांना जातो. दवंडी हा शब्द मी सुचवला. भाच्याने तो वहीत लिहून घेतला, याचा मला अजून अभिमान आहे.

सौभाग्यवतींची कामगिरी याहून मोठी. नेटवर्कचे सात थर असतात म्हणे: फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. हा क्रम लक्षात ठेवण्यासाठी पुस्तकात जे इंग्रजी वाक्य आहे त्यात सॉसेज येते. आमच्या स्वयंपाकघरात ते चालणे शक्य नव्हते. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "फोडणी डाळीला, नंतर टोमॅटो, साखर पुरेशी, आमसूल." झाले सात थर! टोमॅटो घातल्यावर आमसूल कशाला, अशी शंका मी काढली. तिला उत्तर मिळाले नाही.

आता जे सांगायचे ते सांगायला थोडा संकोच वाटतो. ऑगस्टमध्ये एका क्लासवाल्याने मला गाठले. "काका, परीक्षेतलेच प्रश्न, उत्तरांसकट. दोन हजार फक्त. आमची सगळी मुलं पास." मला आपले 'अपेक्षित प्रश्नसंच' आठवले आणि मी पैसे मोजून पेन ड्राइव्ह घरी आणला. पावती मिळाली नाही, तेव्हाच समजायला हवे होते.

भाच्याने तो हातातही घेतला नाही. "मामा, अपेक्षित प्रश्न मास्तर अंदाजानं काढतात. हे कुणीतरी परीक्षेला बसून चोरून आणलेत. बाहेर सांगणार नाही अशा करारावर आधी सही घेतात. सापडलो तर निकाल रद्द, वर बंदी."

"पण सापडलास तर ना?" मी म्हणालो. होय, मीच म्हणालो. जन्मभर बँकेत दुसऱ्यांच्या सह्या तपासलेला माणूस!

"आणि पास झालो नि रात्री दोनला एखाद्या इस्पितळाचं नेटवर्क बसलं, तर काय सांगू, उत्तर क?"

मी गप्प बसलो. पेन ड्राइव्ह मात्र टाकून दिला नाही, टेबलाच्या खणात ठेवला. न जाणो.

सप्टेंबरात एका सराव परीक्षेत त्याला फार कमी गुण पडले. सबंध परीक्षेचा चौथा हिस्सा ज्या एका भागावर असतो, त्यातच तो पुन्हा घसरला होता. रात्रपाळीहून आला, जेवला नाही, बराच वेळ स्विचच्या हिरव्या दिव्यांकडे बघत राहिला आणि मग खाली मान घालून म्हणाला, "मामा, तो पेन ड्राइव्ह कुठं आहे?"

"फेकला," मी म्हणालो.

तो उठून आंघोळीला गेला. फेकला म्हटल्यावर फेकणे भाग होते. दुपारी तो झोपल्यावर मी जिन्याखाली गेलो, वरवंट्याने पेन ड्राइव्ह ठेचला आणि कचऱ्यात टाकला. वरवंटा धुऊन ठेवला तरी सौभाग्यवतींच्या लक्षात आलेच.

परीक्षा घरी बसूनही देता येते, पण खोलीत दुसरे कुणी येता कामा नये आणि कॅमेऱ्यातून कुणीतरी पाहत असतो. आमच्या दोन खोल्यांत कुकरची शिट्टी, बोहारीण आणि शेजारचे नाना यांना दोन तास थोपवणे कुणाच्या बापाला शक्य नाही. म्हणून केंद्रावरचीच तारीख घेतली आहे, भाऊबीजेनंतरच्या आठवड्यातली. दुसरी फी मी भरली. ताईला फोनवर सांगितले, यंदाची ओवाळणी आधीच पोहोचली, ताटात फक्त सुपारी येईल. ती काही बोलली नाही. शिलाई मशीनचा आवाज तेवढा थांबला.

हे लिहीत असताना आतून हाक येते आहे.

"मामा, चौसष्टची वाडी. सत्त्याहत्तर नंबर कुठला?"

"चौसष्टपासूनच्या वाडीतला. दवंडी एकशे सत्तावीसला."

"बरोबर. आता बत्तीसची वाडी."

थांबा, याला जरा बोटे मोजावी लागतील.