संक्रांतीआधी एक सकाळ मिंढोळाकाठी द्या

चलथाण, कडोदरा आणि पलसाणा पट्ट्यातल्या तमाम मराठी मंडळींना तातडीची विनंती.

उत्तरायण तोंडावर आलं आहे. सुरतेत रस्त्याकडेला चरख्या फिरू लागल्या, गुलाबी मांजा घासून तयार होतोय, पोरांनी गच्च्याही वाटून घेतल्या. पतंग उडवू नका असं सांगायला आम्ही आलेलो नाही. सुरत जिल्ह्यात राहून ते सांगणाऱ्याचं कोण ऐकणार? मागणं एवढंच, की संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सकाळी आमच्याबरोबर मिंढोळा नदीच्या काठाने चाला आणि झाडाझुडपांत अडकलेला जुना मांजा उतरवायला हात लावा.

मिंढोळा तशी लहान नदी. सोनगड तालुक्यात दोसवाड्याजवळ उगवते, बारडोलीवरून आपल्या पलसाणा तालुक्यात येते आणि शंभरेक किलोमीटरांत समुद्राला मिळते. जळगाव-धुळे-नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीने इथे आलेल्या आपल्या माणसाला नदी म्हटलं की तापीच आठवते, त्यामुळे मिंढोळेकडे कुणी वळून पाहत नाही. त्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली गुजरातमधल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, तीत हिचंही नाव आहे. ‘गटार झालंय, काय बघायचं तिथे?’ असं लोक म्हणतात. पाण्याबद्दल ते फारसं खोटं नाही. काठाबद्दल मात्र साफ चूक आहे.

काठावर अजून शिंदी उभी आहे. जिच्यापासून थंडीत पहाटे नीरो काढतात, तीच ही. खोडावरच्या खाचा मोजल्या तर किती हिवाळे तिने रस दिला ते कळतं. तिच्या झावळ्यांना सुगरणीचे पावसाळ्यातले खोपे वाळून लोंबताहेत. बाभूळ आहे, करंज आहे, मधूनच एखादा उंबर, आणि पाण्यालगत पाणकणसाची दाटी. त्या दाटीत जांभळी पाणकोंबडी शेपटी उडवत फिरते. खंड्या, टिटवी, पाणकावळा तर हमखास दिसतात. सध्या साखर कारखान्याचा हंगाम आहे. ऊस तुटला की मोकळ्या झालेल्या शेतात काळ्या डोक्याचे पांढरे शराटी आणि गायबगळे उतरतात, दिवसभर किडे टिपतात आणि संध्याकाळी नदीकाठच्या बाभळींवर मुक्कामाला येतात. भोरड्याही याच दिवसांत असतात. खानदेशात ज्वारी राखताना ज्यांच्यावर आपण गोफण फिरवली, त्याच या. मध्य आशियाकडून येतात, हजारोंच्या थव्याने उजाडता उजाडता निघतात आणि दिवस मावळताना परततात.

नेमक्या त्याच दोन वेळी आभाळात दोरा असला, की घात होतो. एका शिंदीवर आजही वंचकाचा वाळका पंख लटकतो आहे. दोरा सांध्यात रुतलेला, दुसरं टोक झावळीच्या काट्यांना तीन वेढे घालून घट्ट. पिसं विटली, दोऱ्याचा रंग तसाच आहे. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2017 सालीच देशभर बंदी घातली, तरी तो चोरून मिळतो हे आपण सगळे जाणतो. तो कुजत नाही. गेल्या वर्षी कटलेली पतंग या वर्षीही पाखरं मारते. आपण जानेवारीत दुचाकीच्या हँडलवर गळा वाचवायला तारेची कमान बसवतो. बगळ्याने काय बसवावं?

तेव्हा उजाडताना चलथाण स्टेशनाबाहेर जमा. पूर्ण बाह्यांचे कपडे, जाड बूट, जुने हातमोजे आणि कात्री घेऊन या. दोरा ओढायचा नाही, ओढला की फांदीत आणखी रुततो. बांबूच्या आकडीने सोडवायचा, काठीला गुंडाळायचा, खाली आला की बारीक तुकडे करून पिशवीत भरायचा. जाळायचा नाही. आणि कोयते, विळे घरीच ठेवा. नदी ‘स्वच्छ’ करायला येणारे उत्साही लोक प्लास्टिकबरोबर पाणकणीस आणि झुडपंही साफ करून टाकतात, फोटो काढतात आणि निघून जातात. त्यापेक्षा कचरा परवडला. पाखराला आडोसा लागतो, लॉन नव्हे.

अडकलेला पक्षी दिसला तर दोरा उपटू नका. जखमेच्या दोन्ही बाजूंनी कापा, पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका आणि 1962 वर फोन करा. राज्य सरकारचं करुणा अभियान दर जानेवारीत याच कामासाठी चालतं. सणाच्या दोन्ही दिवशी, म्हणजे उत्तरायणाला आणि वासी उत्तरायणाला, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर फिरक्या गुंडाळून ठेवाव्यात. आपल्या सोसायटीच्या गच्चीवर एवढं पाळलं गेलं तरी मोठं काम होईल. तो वेळ तिळगूळ आणि उंधियूला द्या.

जाता जाता आणखी एक. काठावर रात्री टँकर उभा दिसला तर जवळ जाऊन वाद घालू नका. 6 जानेवारी 2022 रोजी सचिन औद्योगिक वसाहतीत नाल्यात रसायन सोडणाऱ्या टँकरमुळे वायू पसरून सहा कामगार गेले होते. लांबूनच गाडीचा नंबर टिपा, पोलिसांना आणि गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा.

मुलांना जरूर आणा, पण आकडी मोठ्यांच्याच हातात राहील. लांब बांबू आमच्याकडे कमी आहेत. ज्यांच्या घरी मांडवाचे असतील त्यांनी ते आदल्या संध्याकाळीच पोहोचते करावेत.