पुरावा आहे, पगार कोठे आहे?

मनाचे दुखणे हे सुखवस्तूंचे दुखणे होय. ज्याला भाकरीची विवंचना, त्याला उदास होण्यास सवड कोठून, असा समज पुरोगामी वर्तुळातही अद्याप आढळतो. सरकारी आरोग्यकेंद्रासमोर डोकेदुखी, निद्रानाश आणि थकवा घेऊन ताटकळणारी रांग पाहिली म्हणजे तो किती पोकळ आहे हे कळते.

अशाच रांगेत गोव्यात एक मोठी चाचणी झाली. ‘संगाथ’ या संस्थेने राज्याच्या आरोग्य खात्याच्या सहकार्याने 12 सरकारी आरोग्यकेंद्रे व 12 खाजगी दवाखाने निवडले. त्यांपैकी निम्म्या ठिकाणी वैद्यकाची पार्श्वभूमी नसलेले, परंतु प्रशिक्षित असे स्थानिक समुपदेशक नेमले. आवश्यक तेथे डॉक्टर औषध देत व मानसोपचारतज्ज्ञ देखरेख ठेवीत. निष्कर्ष 2010 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य वा चिंतेच्या आजाराने ग्रस्त असलेल्यांपैकी, समुपदेशक नसलेल्या सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी 42.5 टक्के बरे झाले होते. समुपदेशक असलेल्या केंद्रांत 65.9 टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र समुपदेशक असो वा नसो, प्रमाण 65 टक्क्यांच्या आसपासच राहिले.

या आकड्यांचा अर्थ उघड आहे. सरकारी केंद्रातील रुग्ण मागे पडत होता, आणि त्याचे म्हणणे स्वस्थपणे ऐकून घेणारे, त्याचा पाठपुरावा करणारे माणूस मिळताच तो खाजगी दवाखान्यातील रुग्णाच्या बरोबरीस आला. ही विषमता दैवाने लादलेली नव्हती. म्हणूनच ती दूर करता आली. मधुमेहासारख्या चिवट आजारातही हेच दिसते. खचलेल्या मनाचा माणूस पथ्य व गोळ्या सांभाळू शकत नाही. मधुमेह आणि नैराश्य यांवर एकत्रित उपचार करणाऱ्या, भारतीय शहरांतील चाचणीचे निष्कर्ष 2020 साली आले, तेही याच दिशेचे होते.

शासनाने मात्र काय केले? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा, जिल्हा कार्यक्रम 1996 चा, उपचाराचा हक्क देणारा कायदा 2017 चा. तरीही 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 80 टक्क्यांहून अधिक मनोरुग्ण उपचाराविना आढळले.

आता स्वस्त मार्ग म्हणून हे काम आशा कार्यकर्तीच्या शिरावर टाकण्याचा मोह होईल. गरोदर मातांच्या नोंदीपासून तिशीपुढील प्रत्येकाच्या मधुमेह-रक्तदाबाच्या तक्त्यापर्यंत सारे ती आजच करते आणि बदल्यात तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. गोव्यातील समुपदेशकांना प्रशिक्षण होते, देखरेख होती आणि त्यांच्याकडे हेच एक काम होते. यांतील एकही गोष्ट वगळून तसेच फळ मागणे ही संशोधनाची विटंबना होय.

तेव्हा मागणी नेमकी हवी: प्रत्येक प्राथमिक आरोग्यकेंद्रात पूर्णवेळ, वेतनश्रेणीवरील समुपदेशक. कार्यकर्त्यांनी आरोग्याच्या प्रत्येक मोर्च्याच्या मागणीपत्रात औषधांच्या तुटवड्याशेजारी हे कलम लिहावे. काय केल्याने माणसे बरी होतात हे सिद्ध झाले आहे. उरला आहे तो केवळ अंदाजपत्रकाचा प्रश्न, आणि तो लढ्यावाचून सुटत नाही.