टूरवर निघताय? मग बुलेटचा सायलेन्सर बदलण्याआधी हे वाचा

शनिवारची पहाट उजाडली की नाशिकमधून बायकर्सचे ग्रुप बाहेर पडतात. कुणी वणीमार्गे सापुताऱ्याला, कुणी घोटीहून भंडारदऱ्याला, तर कुणी कसारा घाट उतरून मुंबईकडे. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी असल्यामुळे त्यांना घाट टळत नाही. नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला: कंपनीचाच सायलेन्सर ठेवायचा की बाहेरून दुसरा बसवायचा?

सायलेन्सर नेमकं काय करतो?

फक्त आवाज कमी करणं एवढंच त्याचं काम नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर यांचं महत्त्व वाढलं. धुरात ऑक्सिजन किती उरला हे सेन्सर सांगतो आणि त्यावरून गाडीचा ईसीयू पेट्रोलचं प्रमाण ठरवतो.

बाहेरचे सायलेन्सर दोन प्रकारचे असतात. 'स्लिप-ऑन'मध्ये फक्त शेवटचा भाग बदलतो. 'फुल सिस्टीम'मध्ये इंजिनपासूनचा सगळा पाइप बदलतो, आणि बहुतेक वेळा कन्व्हर्टरही त्यासोबत जातो. मग मिश्रणाचं गणित बिघडू शकतं, इंजिन जास्त तापू शकतं. थ्रॉटल सोडल्यावर येणारा 'फट् फट्' आवाज म्हणजे न जळालेलं पेट्रोल गरम पाइपमध्ये पेटणं. त्याचा ताकदीशी संबंध नाही.

मग फायदा काहीच नाही?

आहे. चांगला स्लिप-ऑन वजनाला हलका असतो. पण नुसत्या स्लिप-ऑनने ताकदीत पडणारा फरक फार थोडा असतो.

टूरिंगमध्ये तोटा जास्त जाणवतो. एकाच वेगाने तासन् तास चालवताना पाइपची घरघर कानात बसते. हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाज आधीच असतो, त्यात ही भर. ८५ डेसिबलचा आवाज रोज ८ तासांपेक्षा जास्त कानावर पडू नये, असं मानलं जातं. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ डेसिबलला फक्त ४ तास.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२० नुसार प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच. १७५ सीसीवरच्या दुचाकीसाठी कारखान्यातल्या चाचणीची मर्यादा ८० डेसिबल आहे. इथून फक्त १० डेसिबल वाढले तरी ध्वनीची ऊर्जा दहापट होते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे आवाजाचे किंवा प्रदूषणाचे निकष मोडल्यास पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लायसन्सही ३ महिने जाऊ शकतं. परवानगी नसलेला बदल केला म्हणून कलम १८२अ(४) खाली मालकावर वेगळी कारवाई होऊ शकते: ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुणे, नागपूरसारख्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर थेट रोडरोलर फिरवलाय.

आणि 'ब्रँडेड आहे, युरोपचा ई-मार्क आहे' हे उत्तर पुरत नाही. ती मान्यता युरोपातल्या रस्त्यांसाठी असते. अनेक महागड्या पाइपवर 'फक्त रेसिंगसाठी' असं कंपनीनेच लिहिलेलं असतं.

'आवाजामुळे जीव वाचतो' हे खरं?

सायलेन्सरचं तोंड मागे असतं. धोका बहुतेक वेळा पुढून किंवा बाजूने येतो, आणि समोरच्या कारच्या काचा बंद असतात. त्यापेक्षा सुरू हेडलाइट आणि चमकणारं जॅकेट जास्त कामाचं.

आवाज पोहोचतो तो दुसरीकडेच. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पहाटे पाचला गंगापूर रोडवरून 'इंदोरी' लावलेली बुलेट गेली, की घरातलं तान्हं बाळ आणि आजारी माणूस दचकून उठतं. रायडर तोवर शहराबाहेर पोहोचलेला असतो.

मग निवड कशी करायची?

लांबच्या प्रवासासाठी कंपनीचाच सायलेन्सर सोयीचा. बदलायचाच असेल तर गाडीच्या कंपनीनेच तुमच्या मॉडेलसाठी दिलेला आणि भारतातल्या रस्त्यांसाठी मान्यता असलेला पाइप घ्या. कन्व्हर्टर काढू नका आणि वॉरंटीच्या अटी आधी वाचा. उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, टायर आणि इअरप्लग येतात. घाटात खरा उपयोग त्यांचाच होतो.