आंब आणि अळी

पहाटेच्या दवात हरभऱ्यातून चालून आलेल्याला आंबेची चुणचुण सांगावी लागत नाही. पानांवरच्या लवेतून पाझरणाऱ्या या आंबेत मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ले असतात. ऑक्झॅलिक आम्लाने घाटेअळीची वाढ खुंटते. आपला पंप शेतात पोचण्याच्या कितीतरी आधी झाडाने स्वतःची लढाई सुरू केलेली असते.

तरीही घाटे पोखरले जातात. असे का, याचा एक मोठा धागा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सापडला. अळीच्या पाचक विकरांना अडवणारी प्रथिने हरभऱ्याच्या दाण्यात असतात. पण अळीच्या आतड्यातली विकरे त्या प्रथिनांनाच तोडून निकामी करतात, हे तिथल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले. पुढच्याच वर्षी त्यांनी हरभरा, तूर आणि कपाशी या अळीच्या नेहमीच्या पिकांतली प्रथिने भुईमूग, चौधारी घेवडा आणि बटाट्यातल्या प्रथिनांशी ताडून पाहिली. अळीची वाढ रोखली ती या परक्या पिकांनी. त्यातही चौधारी घेवड्याचा मारा कोवळ्या अळीवर जास्त, तर बटाट्याचा मोठ्या अळीवर. रोजच्या आहारातले विष पचवायला अळी पिढ्यान्‌पिढ्या सरावली आहे; परक्याशी तिची गाठच पडलेली नाही. मला हे निष्कर्ष कोणत्याही नव्या औषधाच्या जाहिरातीपेक्षा मोलाचे वाटतात.

कपाशीत आपण नेमके उलटे केले. २००२ मध्ये बीटी आली, २००६ मध्ये दोन जनुकांची आली. एकच हत्यार लाखो हेक्टरवर, वर्षानुवर्षे. त्यावर उपाय पाकिटातच होता: ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम साधे बियाणे. साध्या कपाशीवर वाढलेले पतंग बीटी पचवणाऱ्या पतंगांशी जुळावेत आणि प्रतिकार पुढच्या पिढीत पसरू नये, एवढ्यासाठी ती पुडी. ती किती बांधांवर टाकून दिली गेली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. वर फरदड राखून गुलाबी बोंडअळीला उन्हाळ्यापर्यंत खायलाही घातले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात फुटलेली किडकी बोंडे हा अळीचा अचानक हल्ला नव्हता. तिला सराव आपणच दिला होता, आणि त्याची किंमत शेतकऱ्याने मोजली.

म्हणून पैदासकारांना, कृषी सहायकांना आणि सेवा केंद्र चालवणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. येत्या रब्बीत हरभऱ्याच्या प्रत्येक वाणाच्या चार ओळी बिनफवारणीच्या ठेवा. आंब कोणाची जास्त, शंभरातले घाटे किती पोखरले, हे उत्पादनाच्या आकड्याशेजारी लिहा. पाऊस पडून आंब धुतली गेली असेल तर त्या दिवसाची नोंद वेगळी करा. मार्चअखेर या नोंदी आमच्याकडे पाठवा; त्यासाठी एप्रिलच्या अंकातली पाने राखून ठेवली आहेत.